माहेरवाशिणींचं खाजण

मी ठाकूरद्वारची. आमच्या वाडीत समुद्र म्हणजे चौपाटी, आणि चौपाटी म्हणजे भेळ, ओली वाळू आणि गणपतीचं विसर्जन. समुद्र मागच्या दारानेही शहरात शिरतो, गल्ल्यांच्या पाठीमागे गुपचूप येऊन बसतो आणि पुन्हा निघून जातो, हे मला लग्न होऊन परळला गेल्यावर कळलं. माझी आई परळला रानच समजायची. "तिकडे गिरणीच्या भोंग्यावर उठतात म्हणे माणसं," असं ती मावशीला दबक्या आवाजात सांगत होती, जसं काही मला कोल्ह्यांच्या गावी दिलं होतं.

सासरचं घर परळच्या जुन्या वस्तीतलं, कौलारू, पुढे ओटा आणि मागे विहीर. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतच मुरलेली माणसं. एके काळी वाडवडिलांच्या ताडांच्या बागा होत्या, मिठागरं होती. ती हळूहळू विकली गेली आणि पुरुषमंडळी फोर्टात कारकुनी करू लागली. सगळं गेलं तरी शिवडीच्या बाजूचा, खाडीला लागून असलेला एक तुकडा कुणी विकला नव्हता. त्याला सगळे खाजण म्हणत. काठावरची सखल जमीन, भोवती मातीचा बांध, कडेला तिवरांची दाट हिरवी झाडी आणि बांधात एक लाकडी झडप. दोर ओढला की झडप वर जायची आणि खाडीचं पाणी तिच्यातून ये-जा करायचं. या झडपेला उघाडी म्हणत. खाजणात ना मीठ पिकत होतं ना भात. ते ठेवलं होतं पाहुण्यांसाठी.

पाहुण्या म्हणजे पक्षी. पावसाळा सरला की कुठून कुठून येत, थंडीभर राहत आणि शिमग्यानंतर निघून जात. खापरपणजोबांच्याही आधीच्या कुणीतरी ठरवून टाकलं होतं की या आपल्या घरच्या माहेरवाशिणी. आता लेक माहेरी आली असताना तिच्यावर कुणी जाळं टाकतं का? धोंडा मारतं का? मग इथेही नाही. त्या परत जाईपर्यंत खाजणात जाळं, गळ, बंदूक, तिवरांवर कोयता, सगळं बंद. आजूबाजूचे कोळीही हे मानत. आज त्यातला जेवढा तुकडा उरला आहे त्याला तारेचं कुंपण आहे आणि नियमांची पाटी आहे. दुर्बिणी घेऊन तरुण मुलं येतात, हळू बोलतात, कागद टाकत नाहीत. बघून बरं वाटतं. आमच्या वेळी पाटी नव्हती, सासूबाई होत्या.

उघाडीचं काम पुरुषांचं. ते मामंजी करायचे, म्हणजे माझे सासरे. बायकांनी खाजणावर जायचं ते वर्षातून एकदाच, पक्षी उतरल्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला, माहेरवाशिणींची ओटी भरायला. पौर्णिमेला भर दुपारी भरती येते. ओटी भरत्या पाण्यावर भरायची, उतरत्या पाण्यावर नाही, असा घरचा दंडक. मी नवी नवरी म्हणून पहिल्या वर्षी मलाही नेलं. नऊवारी सावरत बांधावर चढले आणि थांबलेच. एवढं पाणी, आणि त्याला आवाज नाही! काठोकाठ भरलेलं, उन्हाने पांढरं झालेलं. पलीकडच्या बांधावर त्या उभ्या होत्या, ओळीने, उंच, काळ्या-पांढऱ्या, लांबलचक तांबड्या पायांच्या. त्यांना शेकाट्या म्हणतात हे मला पुढे कळलं. त्यांच्या पायांशी बारक्या बारक्या तपकिरी तुतवारांची दाटी. सासूबाईंनी बांधावर खण ठेवला, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला, आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "आलात? बरं झालं. राहा आता सावकाश."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तेव्हा वाटलं, ऊन लागलं असेल.

पाणी कशाचं होतं ते मला हळूहळू समजलं. त्यांची एकुलती एक लेक, माझी नणंद, बेळगावला दिलेली. आमच्या लग्नाला वन्सं आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांचं जे कौतुक केलं त्याला तोड नव्हती. चंदनी पाट, पाटाभोवती रांगोळी, रोज वेगळं पक्वान्न, न्हायला गरम पाण्याचा हंडा तयार, कप विसळायला उठल्या तर हातातून कप काढून घ्यायच्या. वन्सं त्या पाटावर हात जोडल्यासारख्या बसून असायच्या. निघायच्या आदल्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या नि म्हणाल्या, "आई, आज चहा मी टाकते." सासूबाई केवढ्यांदा हसल्या! "माहेरी येऊन चूल फुंकणार? लोक काय म्हणतील? जा गो बाई, बस जा बाहेर." वन्सं बाहेर आल्या आणि माझ्याजवळ ओट्यावर बसल्या. "याच घरात वाढले गं मी," त्या म्हणाल्या. "पण आता डब्यांत काय आहे ते मला ठाऊक नाही. हिने मला पाहुणी करून टाकलं."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. कधी मुलांची परीक्षा, कधी सासऱ्यांचं दुखणं, निमित्तांना काय तोटा? सासूबाई दर दिवाळीला लाडवांचे डबे पाठवायच्या आणि दर दिवाळीनंतर म्हणायच्या, "काहीतरी कमी पडलं असणार आमच्याकडून." कमी! मला तोंड उघडायची सोय नव्हती. नव्या सुनेने सासूला शहाणपण शिकवायचे ते दिवस नव्हते. आणि खरं सांगायचं तर त्यांचा प्रेमळपणा असा दणदणीत होता की त्याच्यासमोर बोलणंही सुचायचं नाही.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. परळ-लालबागच्या नाक्यानाक्यावर सभा, भिंती घोषणांनी रंगलेल्या, आणि आमचे हे शाळामास्तर असूनही वर्गापेक्षा सभेला जास्त हजर. हे आईला सांगायचे, "आई, मुंबईसह महाराष्ट्र होणार, आणि त्यात बेळगावही येणार. मग ताईचं गाव आपलंच." सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणायच्या, "गाव येईल रे. ती यायला हवी ना."

त्याच सुमारास घरात दुसराच वाद पेटला होता. मामंजींचे धाकटे भाऊ, माझे धाकटे मामंजी, खाजण विकायचं म्हणत होते. एका गोदामवाल्याला ती जागा भराव घालून हवी होती. "शहरात माणसांना पाय पसरायला जागा नाही, एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं, आणि आपण पाखरांसाठी बंगला राखून ठेवलाय," ते म्हणाले. त्यांचंही अगदीच चूक होतं असं नाही. त्यांच्या घरात माणसं फार आणि खोल्या थोड्या. पण मामंजींचा स्वाभिमान डिवचला गेला. ओट्यावर सगळी भाऊबंद मंडळी बसलेली. त्यांच्यासमोर ते ताडकन बोलून गेले, "ज्या वर्षी संक्रांतीपर्यंत त्या आल्या नाहीत, त्या वर्षी विका. माझी ना नाही." त्या दरसालच यायच्या, तेव्हा हे बोलायला त्यांना काही वाटलं नाही. धाकट्या मामंजींनी तेवढा शब्द उचलून जपून ठेवला.

आणि दसरा होतो न होतो तोच मामंजी सत्याग्रहाला गेले. जन्मभर पोलिसाने हात केल्याशिवाय ज्यांनी रस्ता ओलांडला नाही, असा हा माणूस. इस्त्रीचा कोट, काळी टोपी, खिशात पानाचा डबा, असे निघाले की जणू कुणाच्या मुंजीला निघालेत. संध्याकाळी कळलं, तुरुंगात नेलं. पुढे यांना भेटायची परवानगी मिळाली तेव्हा सासूबाईंनी औषधाचं, अंथरुणाचं, आणि शेवटी खाजणाचं विचारायला सांगितलं. हे परत आले आणि म्हणाले, "बाबा मजेत आहेत. म्हणाले, उघाडी बघत जा म्हणावं."

"बघत जा म्हणजे काय?"

"तेवढंच म्हणाले. वेळ संपली."

यांना खाजणाबद्दल एवढंच माहीत होतं की तिथे डास असतात. म्हणून उघाडी सासूबाईंनी हातात घेतली आणि सोबतीला मला घेतलं. बायकांनी उघाडीला हात लावायचा नसतो असं धाकटे मामंजी म्हणाले खरे, पण सासूबाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की ते चहा अर्धा टाकून उठले. आता सासूबाईंनी खाजण आयुष्यात जेव्हा जेव्हा पाहिलं होतं तेव्हा ते ओटीच्या दिवशी, भर भरतीला, काठोकाठ भरलेलंच. मीही तसंच पाहिलेलं. आणि लेक यायची म्हणजे घर कसं हवं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. हंडे-कळशा भरलेल्या, दारात सडा, रितं काही दिसता कामा नये. तिथीवरून त्या भरतीची वेळ काढायच्या. भरती आली की आम्ही दोघी दोर ओढून उघाडी वर करायचो, पाणी काठाला टेकेपर्यंत आत घ्यायचो आणि झडप घट्ट खाली सोडून द्यायचो. पाण्यावर आलेला कचरा त्या वेळूच्या काठीने ओढून काढायच्या. खाजण त्यांनी देवघरासारखं ठेवलं.

ते दिवस आठवले की मला आजही नक्की सांगता येत नाही, त्यातलं खरं किती आणि स्वप्नातलं किती. कधी सकाळी, कधी दुपारी, भरती जशी पुढे सरकेल तसे आम्ही जायचो. गिरण्यांच्या गल्ल्या मागे पडायच्या, कापसाचे पुंजके हवेत तरंगत यायचे, मग रेल्वेचे रूळ ओलांडले की एकदम काही नाही. नुसतं आकाश. आणि तेच आकाश पुन्हा खाली. त्या पाण्यात गिरण्यांची धुराडी उलटी उभी असायची आणि त्यांचा धूर खाली खाली, खोल कुठेतरी जायचा. वर एक ढग सरकला की खालचाही सरकायचा, अगदी सावकाश, सासूबाईंच्या उलट्या पदरावरून. एकदा मी तिवराच्या सावलीत बसल्या बसल्या झोपले. भोंगा झाला तो मला पाण्याच्या आतून ऐकू आला. जागी झाले तर सासूबाई काठावर उकिडव्या बसून पाण्याशी बोलत होत्या. "सगळं केलंय गो," त्या म्हणत होत्या. "आता यायला काय हरकत आहे?"

मी डोळे पुन्हा मिटून घेतले. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं.

इतकं सुंदर पाणी, आणि त्यावर कुणी नाही. दिवाळी झाली, देवदिवाळी झाली. कधी एखादा थवा यायचा, खाजणावर फेरी घालायचा, जरा खाली झुकायचा आणि तसाच वळून खाडीकडे निघून जायचा. सासूबाई हात कपाळाशी धरून पाहत राहायच्या. "दारापर्यंत येऊन परत गेल्या," त्या म्हणायच्या. मग दुसऱ्या दिवशी आणखी पाणी घ्यायच्या. ओटीचं सामान बांधून कोनाड्यात तसंच पडलेलं. रात्रीचं जेवण त्यांना जाईना. मला आता नीट कळत होतं की ही नुसत्या पक्ष्यांची वाट नाही. त्यांच्या मनाने घेतलं होतं की या आल्या तर ती येईल, आणि या नाही आल्या तर मग तीही नाही, कधीच नाही.

धाकटे मामंजी अधूनमधून ओट्यावर यायचे. "काय वहिनी, आल्या का तुमच्या लेकी?" त्यांनी लहानपणी वडिलांबरोबर खाजणावर चकरा मारलेल्या. आमचं काय चुकतंय ते त्यांना दिसत होतं का? मला आजही ते सांगता येत नाही. विचारलं असतं तर ते म्हणाले असते, मला कुणी विचारलं होतं?

पौष लागला. घरात तीळ पाखडून झाले, गूळ आला. संक्रांत चार दिवसांवर. सासूबाई त्या दिवशी पहाटेपासूनच घाईत होत्या. भांगाचे दिवस होते, म्हणजे अष्टमी-नवमीच्या सुमाराची मरगळलेली भरती. पाणी जेमतेमच चढतं. तरी मिळेल तेवढं घेऊ म्हणून आम्ही उघाडी पूर्ण वर केली आणि दोर खुंटीला बांधून ठेवला. तेवढ्यात रुळांच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. एक बाई टोपली टाकून पळत येत होती. "घरी जावा, घरी जावा! लालबागेत गोळीबार झालाय, संचारबंदी लागतेय!" मी सासूबाईंचा हात धरला आणि ओढलंच. कुठल्या गल्ल्यांतून घरी पोचलो ते आठवत नाही. रस्ते असे रिकामे की आमच्याच पावलांची मला भीती वाटत होती. दार लावून आत बसलो तेव्हा सासूबाई पहिलं वाक्य बोलल्या ते हे, "उघाडी उघडीच राहिली गो."

मग बाहेर पडता येईना. हे शाळेतच अडकले होते, ते दुसऱ्या दिवशी भिंतीला धरून धरून घरी आले. कुठे कोण पडलं त्याच्या बातम्या कुजबुजत यायच्या. शेजारच्या चाळीतून रडण्याचा आवाज यायचा आणि मध्येच बंद व्हायचा. असल्या वेळी आपल्या पाण्याचं काय घेऊन बसायचं, हे सासूबाईंनाही कळत होतं. म्हणूनच त्या काही बोलत नव्हत्या, नुसत्या माजघरात येरझाऱ्या घालायच्या. एकदाच म्हणाल्या, "सगळं ओसरलं असेल. घर उघडं पडलं माझं."

संक्रांतीच्या दिवशी दुपारची थोडी मोकळीक मिळाली. सासूबाईंनी कोनाड्यातली ओटी घेतली नाही. रिकाम्या हातांनीच निघाल्या. ओहोटीची वेळ होती. बांधावर चढल्या आणि तोंडाला पदर लावून मटकन खाली बसल्या. माझं ते स्वप्नातलं तळं गेलं होतं. धुराडी नाहीत, ढग नाहीत. नुसता काळा, लिबलिबीत, वास मारणारा चिखल, त्यात फुटकं मडकं, गंजलेला डबा आणि मध्ये मध्ये घोट्याएवढ्या पाण्याची डबकी. आणि ऊन त्या चिखलावर असं चमकत होतं की मला काही धड दिसेना. चिखल हलतोय असं वाटलं. उपाशीपोटी निघालो होतो, भोवळ येत असेल असं वाटून मी डोळे चोळले.

चिखल खरंच हलत होता. त्या आल्या होत्या.

किती, ते मी मोजलं नाही, आणि मोजताही आलं नसतं. इथून तिथपर्यंत सगळं खाजण भरलेलं. शेकाट्या डबक्यांतून एकेक तांबडा पाय उचलत चालत होत्या, वाकत होत्या, चोच खुपसत होत्या. तुतवार तर पळत सुटले होते, इथे टोच, तिथे टोच, एकमेकांवर खेकसायचं आणि पुन्हा टोच. कुणी उकरतंय, कुणी किडा ओढून काढतंय, कुणाची चोच चिखलाने माखलेली. त्यांचा कलकलाट असा चालला होता की हळदीकुंकवाला जमलेल्या बायका बऱ्या. आमच्याकडे एकीचंही लक्ष नव्हतं. सगळ्या आपल्या घरी असल्यासारख्या वावरत होत्या.

"आई," मी म्हटलं, "बघा तरी."

त्यांनी पदर खाली केला. पाहिलं.  पाण्याचा एक बारीक ओघ उघाडीतून खाडीकडे चालला होता, तेवढाच काय तो शांत आवाज. मग त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "आपल्या हाताने घेऊन खातायत गो."

दुपार कलायला लागली तरी आम्ही तिथेच. मला वाटलं त्या आनंदाने बोलायला लागतील, निदान ओटी आणायला मला पिटाळतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. घरी येताना रुळांजवळ थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या दिवशी तिला चहा टाकू द्यायला हवा होता." एवढं बोलून रस्त्यातच रडल्या. मी त्यांचा हात धरला. सासूचा हात मी आपण होऊन धरला तो पहिल्यांदाच.

धाकटे मामंजी दुसऱ्या दिवशी गोदामवाल्याच्या माणसाला घेऊन खाजणावर गेले, ते कोट-बूट चढवून. बांध निसरडा झालेला. पाय घसरला, आणि एक बूट चिखलाने जो धरला तो दिलाच नाही. तिथल्या शेकाट्यांनी उडायचेही कष्ट घेतले नाहीत. ते एका बुटावर ओट्यापर्यंत आले. सासूबाईंनी त्यांना पाय धुवायला पाणी दिलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं, "काय भावोजी, भेटल्या का लेकी?" धाकटे मामंजी तिळगूळ खाऊन निघून गेले. त्यानंतर विकण्याचा विषय मामंजी असेपर्यंत निघाला नाही.

मामंजी सुटून आले ते माघात. गळ्यात हार, दाढी वाढलेली, पानाचा डबा रिकामा. हकिगत ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "भरून ठेवलंस? अगं, पाण्यात बुडालेलं काय खातील त्या? पाणी घ्यायचं आणि सोडायचं. ओटीच्या दिवशी तेवढं भरलेलं बघितलंत तुम्ही."

"मग तुम्ही कधी सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?"

एवढ्या वर्षांच्या संसाराचा हिशेब दोघांनी तिथेच मिटवला. त्या दिवसापासून मात्र उघाडी दोघांनी मिळून सांभाळली. मामंजी दोर ओढायचे आणि सासूबाई सांगायच्या, "पुरे. आता सोडा. जरा रितं राहू दे."

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. आमच्या गल्लीत पेढे वाटले, दिवे लावले, हे रात्रभर नाचून घसा बसवून आले. बेळगाव मात्र बाहेरच राहिलं, आणि ते यांना शेवटपर्यंत सलत राहिलं. पण त्याच्या बऱ्याच आधीची, त्याच माघातली गोष्ट सांगायची राहिली आहे. सीमेच्या प्रश्नावर बेळगावात सभा होती, हे निघाले होते. दरवेळी कुणी तिकडे जाणारं मिळालं की सासूबाई चार दिवस आधीपासून लाडू वळायला बसायच्या. या वेळी त्यांनी परात काढलीच नाही.

"ताईकडे रिकाम्या हाताने जाऊ?" यांनी विचारलं.

"रिकाम्या हातानेच जा. तिला सांग, म्हणावं घरात काही केलेलं नाही. ये."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी मान हलवली.

वन्सं शिमग्याच्या आधी आल्या, एकट्याच, एक लहानशी ट्रंक घेऊन. मी दारात भाकरतुकडा ओवाळायला ताट घेऊन उभी होते. सासूबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या.  उठून धावायला त्यांचा जीव किती कासावीस झाला असेल ते मला ठाऊक आहे. पण त्या उठल्या नाहीत. पाट मांडला नव्हता, रांगोळी नव्हती. वन्सं पायरीशी थांबल्या आणि बावरून इकडे तिकडे बघायला लागल्या.

सासूबाईंनी सुपातून एक खडा वेचला, बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. चहा टाक गो आपल्या तिघींना."

वन्सं पायरी चढून वर आल्या. मग ट्रंक ओट्यावर ठेवली, चपला काढल्या, पदर खोचला आणि आत गेल्या. स्वयंपाकघरातून आवाज येऊ लागले. फळीवरचे डबे खाली येत होते, झाकणं निघत होती, एक वाटी खणकन पडली, कपाट उघडलं, बंद झालं, पुन्हा उघडलं. बऱ्याच वेळाने आतून हाक आली.

"आई, साखर कुठे ठेवलीस गं?"

सासूबाईंचे डोळे भरून आले होते. त्या उठल्या नाहीत.

"शोध," त्या म्हणाल्या.